एकशे एकविसावा प्राणी

१

शुक्रवारी दुपारी चार वाजता दोनशे चौदा डुप्लिकेट कॅसेटी यंत्रात घालून चिरडण्यात आल्या. यंत्राला सतरा मिनिटं लागली, आणि प्रकरण मिटलं.

पण हे आपल्याला माहीत नाही. आज सोमवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, यंत्राला कुलूप आहे आणि अस्सलता विभागात अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही. कुणी शुक्रवारचा विषय काढलाच, तर आपण खिडकीबाहेर बघायचं.

अस्सलता विभाग एका मोठ्या व्हिडिओ गेम कंपनीचा होता. कंपनीचा सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे प्राणी पकडायचा. गवतात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी दिसला की जाळं टाकायचं, मग त्याला वाढवून दुसऱ्याच्या प्राण्याशी झुंजवायचं. एकूण प्राणी एकशे वीस. सगळे सापडले की खेळ तुमचं अभिनंदन करतो आणि तुम्ही एकदाचे जेवायला येता.

या खेळाच्या जितक्या अस्सल कॅसेटी खपत, त्याच्या दुप्पट डुप्लिकेट खपत. डुप्लिकेटातली भाषा कुणी, कशी आणि कोणत्या तापात लिहिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकीत ज्वालासिंहाचं नाव ‘गरम पाहुणा’ होतं. दुसरीत नायकाची आई दारात उभी राहून डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, ‘जा बाळा, तुझा जाहीर निषेध.’ असल्या कॅसेटी ओळखायच्या, नोंदवायच्या आणि यंत्राकडे धाडायच्या, हे विभागाचं काम. विभागात तीन खुर्च्या होत्या. त्यातली एक नामांकित कंपनीची म्हणून घेतली होती, ती डुप्लिकेट निघाली. ते ओळखलं भिंगबाईने, पडल्यावर.

भिंगबाई म्हणजे विभागाची पारखी. वय एकोणतीस, गळ्यात दोरीला भिंग, आणि लग्नाच्या बोलण्यात समोरच्या मुलाच्या घड्याळाकडे जरा जास्त वेळ बघायची खोड. त्यामुळे लग्न राहिलं होतं.

सोमवारी तिच्या टेबलावर एका आईचं पत्र आलं. मुलगी एक नवीनच प्राणी घेऊन बसली आहे. तो जाळ्यात सापडत नाही. मुलगी कंटाळून बटणं सोडून बसली, तेव्हा तो आपणहून आला. आता ती कुणाशी झुंजायलाच तयार नाही. हे असंच असतं की कॅसेट खराब आहे, ते कळवावे. मुलगी झोपलेली असताना कॅसेट काढून घेतली आहे, तरी कृपया लवकर परत करावी.

भिंगबाईने कॅसेट उघडली. बाहेरचं कवच अस्सल, स्क्रू अस्सल. आतली सर्किटची पट्टी मात्र कंपनीची नव्हती. तिच्यावरचं सोल्डरिंग इतकं बारीक आणि नेटकं होतं की भिंगातूनही ते बारीकच दिसत होतं. कोपऱ्यात नखाएवढी पांढरी पुडी होती, ओल शोषणाऱ्या दाण्यांची. भिंगबाईने आजवर बारा हजार डुप्लिकेट उघडल्या होत्या. त्यांत झुरळं निघाली होती, एकदा कुणाचा तरी दात निघाला होता. काळजी म्हणून कुणी काही ठेवलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

मग तिने खेळ लावला आणि हात बाजूला ठेवून बसली. तीन मिनिटांनी गवतातून एकशे एकविसावा प्राणी आला. गोलमटोल, आखूड पायांचा, एक कान ताठ, एक पडलेला. पोटावर आडवे सात टाके. नावाच्या जागी नाव नव्हतं. तो पडद्याच्या मधोमध आला आणि बसला. बस, एवढंच.

तिने साहेबांना बोलावलं. साहेब बघत राहिले, मग आपल्या खोलीत गेले, कुलूपबंद खणातून एक फाईल आणली आणि तिच्यासमोर उघडून धरली. खेळाचा दुसरा भाग पुढच्या वर्षी यायचा होता. त्यातल्या प्राण्यांची ही गुप्त यादी. सातव्या पानावर तोच प्राणी होता. तोच पडलेला कान.

“हा प्राणी,” साहेब म्हणाले, “अजून जन्माला यायचाय.”

२

म्हणजे चोरी आतून झाली होती. सातवं पान आजवर तिघांनीच पाहिलं होतं. ज्याने काढलं तो चित्रकार, ज्याने ते खेळात बसवलं तो प्रोग्रॅमवाला, आणि ज्यांनी फाईल सांभाळली त्या दफ्तरमावशी. साहेबांनी स्वतःला मोजलं नाही. साहेब लोक मोजत नाहीत.

वरून हुकूम आला की शुक्रवारपर्यंत नाव हवं. नाव नाही मिळालं, तर चित्राखाली ज्याची सही आहे तो जबाबदार. सही आबांची होती. आबा म्हणजे चित्रकार. तीस वर्षांची नोकरी, एकशे वीसच्या एकशे वीस प्राण्यांचा जन्मदाता, आणि त्याच शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्यांचा निरोप समारंभ ठरलेला. नाव सापडलं नाही, तर समारंभाऐवजी बडतर्फीचं पत्र मिळणार होतं. हॉल मात्र तोच राहणार होता, कारण त्याचं आरक्षण बदलता येत नव्हतं.

भिंगबाईला आबांनी कामावर लागल्याच्या पहिल्या दिवशी एक प्राणी काढून दिला होता, तिच्याचसारख्या नाकाचा. तो अजून तिच्या खणात होता. तिने आधी दुसऱ्या दोघांना धरलं.

प्रोग्रॅमवाल्याला सगळे डुलक्या म्हणत. तो बसल्या जागी झोपायचा आणि विचारलं तर म्हणायचा, विचार करतोय. तिने कॅसेट त्याच्यापुढे ठेवली, आणि डुलक्या तासभर जागा राहिला. ही बातमी मजल्यावर पसरून दोघे बघायला आले. त्याचं म्हणणं असं पडलं की हे ज्याने लिहिलंय तो या धंद्यातला नाही. कुठूनतरी पुस्तकं वाचून, अडखळत शिकलाय. चार ओळींत होईल ते चाळीस ओळींत केलंय. या प्राण्यावरून जाळं आरपार जातं. त्याची ताकद फक्त एक आहे. खेळातल्या दवाखान्यात नेला तरी ती वाढत नाही, आणि कुणी कितीही मारलं तरी एकाचं शून्य होत नाही.

“आणि एकही चूक नाही,” डुलक्या म्हणाला. “म्हणजे मी नाही. माझ्यात चुका असतात, कुणालाही विचार.”

तिने विचारलं. सगळ्यांनी दुजोरा दिला. इतका भक्कम पुरावा तिला आजवर मिळाला नव्हता.

दफ्तरमावशी तळमजल्यावर बसत. कंपनीत आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्याकडे यायचा, त्यावर त्या ‘आवक’ असा जांभळा शिक्का मारायच्या, पंचिंग मशीनने दोन भोकं पाडायच्या आणि फाईलला लावायच्या. यात कुणाची गय नव्हती. एकदा साहेबांचा हात पुसायचा कागदी रुमालही आवक होऊन फायलीत गेला होता. तो आजही मागवला तर सही करून मिळाला असता.

मावशींनी सांगितलं की साहेबांच्या खणात जाण्याआधी ती फाईल आबांनी एकदाच नेली आणि दोन दिवसांत परत केली. दुसरं कुणी नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाल्या, “पण तू आबांना नीट विचार गं. ते चित्र कधी काढलं, असं मी त्यांना सहज विचारलं होतं. तर उठून गेले.”

३

आबा खिडकीपाशी ब्रश धूत बसले होते. सामान बांधून झालं होतं. टेबलावर फक्त पाण्याचा डबा उरला होता.

भिंगबाईने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, एक गुप्त यादीतलं आणि एक डुप्लिकेटातलं. दोन दिवस ती हेच करत होती, आणि आता तिला दोन फरक पाठ झाले होते. यादीतल्या प्राण्याच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके होते, अगदी गोल, अगदी एकाच आकाराचे. डुप्लिकेटाच्या पाठीवर काही नव्हतं. उलट डुप्लिकेटाच्या पोटावर सात टाके होते, आणि यादीतल्याचं पोट नुसतं जांभळट.

तिच्या धंद्यातला पहिला नियम असा, की नक्कल करताना काहीतरी गळतं. पाहून काढणारा एखादी रेघ विसरतो. इथे ठिपके गळले होते, ते ठीक. पण टाके कुठून आले? नक्कल करणारा आळशी असतो. तो पदरचे सात टाके घालत बसत नाही.

तिने आबांना विचारलं, हे तुम्ही काढलं ना? आबा म्हणाले, सही माझीच आहे. पाठीवर ठिपके का दिले, असं तिने विचारलं. आबा बराच वेळ ब्रश धूत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

“ते तसेच होते,” आबा म्हणाले.

“कुठे होते?”

आबांनी पाण्याचा डबा उचलला, खिडकीतून रिकामा केला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “शुक्रवारी लवकर ये. पुढची खुर्ची मिळेल.”

४

बुधवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णा, म्हणजे तिचे वडील, कानाचं मशीन काढून निवांत बसले होते. मशीन कानात असलं की अण्णांना जग ऐकू यायचं, आणि जगाचं बोलणं त्यांना फारसं पटत नसे. तिने जेवायला वाढलं, खुणेने मशीन लावायला सांगितलं. अण्णांनी कुरकुरत डबी उघडली.

डबीत मशीनखाली नखाएवढी पांढरी पुडी होती.

भिंगबाईने पातेलं खाली ठेवलं. ही कशासाठी, तिने विचारलं. अण्णांनी तिच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. घामाने मशीनला ओल लागते, ओल लागली की संपलं, म्हणून दुरुस्तीवाले पुडी ठेवतात. अकरा वर्षं ठेवतायत. “तू बाहेरच्यांच्या वस्तू बघतेस गं,” अण्णा म्हणाले, “घरातली एक बघत नाहीस.”

गुरुवारी कामावर जाण्याआधी ती अण्णांच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो गृहस्थ फार बोलका होता, बहुधा गिऱ्हाइकं फार ऐकत नसल्यामुळे. तिने त्याला फक्त उघडी पट्टी दाखवली. तो वाकला, भिंग लावलं आणि गप्प झाला.

मग त्याने सांगितलं की असं सोल्डरिंग कानाच्या मशीनवालेच करतात, आणि इथे ते तिघेच. एक तो स्वतः, पण त्याचा हात इतका स्वच्छ नाही, हे तो तिला म्हणून सांगतोय. दुसरा मागच्या वर्षी वारला. राहिली ती बाई. बस स्थानकामागे तिचं दुकान. हाताला तोड नाही. मध्ये चार वर्षांपूर्वी तिने दुकान बंद ठेवलं होतं काही महिने.

“का?” भिंगबाईने विचारलं.

“ते तिलाच विचारा,” बोलका गृहस्थ म्हणाला, आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

५

ती लगेच गेली नाही. पत्ता हातात होता, पण उत्तर नव्हतं. कानाची मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईला कंपनीच्या कुलूपबंद खणातलं पान कुणी दाखवलं? तिला तसं विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि आबांवरचा संशय तसाच राहिला असता. भिंगबाई तळमजल्यावर गेली, फाईलची नोंद पुन्हा बघायला.

मावशी कामात होत्या. त्यांनी तिला थांबायची खूण केली, एक कागद घेतला, त्याच्या मधोमध जांभळा शिक्का मारला, कागद पंचिंग मशीनमध्ये सरकवला आणि तळहाताने दाबलं. खट्. त्यांनी कागद उचलून प्रकाशात धरला. कडेला दोन भोकं. अगदी गोल, अगदी एकाच आकाराची.

भिंगबाईने खिशातून सातव्या पानाची प्रत काढली आणि त्या कागदावर ठेवली. भोकं ठिपक्यांवर बसली. केसाचा फरक नव्हता.

“मावशी,” ती म्हणाली, “मुलांची पत्रं कुठे असतात?”

मुलांची पत्रं शेवटच्या कपाटात होती. ‘सूचना, बालखेळाडू’ अशा एकोणीस फायली. मुलं कंपनीला आपापले प्राणी काढून पाठवत. पाठवलं की ते कंपनीचं झालं, असा नियम खेळाच्या खोक्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला होता. दोघी जमिनीवर बसल्या. चौदाव्या फायलीत तो निघाला.

वहीचा कागद, आडवा धरून रंगीत खडूने काढलेला. गोलमटोल, एक कान पडलेला. कागद फायलीला लावताना भोकं बरोबर पाठीवर पडली होती. आणि पोटावर भला मोठा जांभळा शिक्का. आवक, नऊ मार्च, साल चार वर्षांपूर्वीचं. भिंगबाईने भिंग लावलं. शिक्क्याच्या शाईखाली, मेहनतीने, एकेक मोजून काढलेल्या सात छोट्या रेघा होत्या.

आता सगळं सरळ होतं. आबांना नवे प्राणी सुचेनासे झाले तेव्हा ते या फायली चाळत बसले. त्यांना हा दिसला, आणि त्यांनी तो जसाच्या तसा उतरवला. जसाच्या तसा, म्हणजे भोकांसकट. मावशींच्या मशीनने पाडलेली भोकं त्यांनी पांढरे ठिपके समजून प्रेमाने रंगवली. टाके त्यांना दिसलेच नाहीत, कारण त्यांवर कंपनीचा शिक्का होता. पोट जांभळट झालं ते त्यामुळे.

आणि डुप्लिकेटात भोकं नव्हती, टाके होते. म्हणजे डुप्लिकेट करणाऱ्याने हे चित्र भोकं पडण्याआधी आणि शिक्का बसण्याआधी पाहिलं होतं. कंपनीत येण्याआधी. कंपनीतून काही चोरीला गेलंच नव्हतं. नक्कल शोधायला निघालेल्या भिंगबाईने ती शोधली होती, आणि ती साहेबांच्या खणात कुलूपबंद होती.

मावशी कितीतरी वेळ त्या भोकांकडे बघत होत्या. “माझा हात जरा इकडे सरकला असता तर,” एवढंच म्हणाल्या.

आबांना वर जाऊन सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले. “तीस वर्षं प्राणी काढतोय. इतका चांगला एकही नाही जमला. लाज वाटायची सांगायला.” मग थोडं थांबून म्हणाले, “ठिपके मला फार आवडले होते गं.”

चित्राच्या मागे मुलीचं पत्र होतं, त्यामागे मोठ्या माणसाच्या अक्षरातली अकरा स्मरणपत्रं. प्रत्येकाला एकच छापील उत्तर गेलेलं, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. भिंगबाईने पाकीट उलटं केलं आणि खिशातली चिठ्ठी काढली. दोन्हीवर पत्ता एकच होता.

६

दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि भिंतीवर छोट्या छोट्या खणांचं कपाट. बाई पन्नाशीच्या, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यांनी भिंगबाईच्या गळ्यातल्या भिंगाकडे पाहिलं, आणि आपल्याच धंद्यातली समजून खुर्ची पुढे केली. भिंगबाईने काउंटरवर कॅसेट ठेवली.

“ओल लागली का?” बाईंनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी तिचं ओळखपत्र वाचलं, दुकानाची पाटी आत घेतली आणि पाणी आणून दिलं. अण्णांच्या मशीनच्या पुडीवरून इथवर पोचल्याचं भिंगबाईने सांगितलं. बाईंकडूनही लपवाछपवी काही नव्हती. मुलं बंद पडलेली अस्सल कॅसेट घेऊन यायची, बाई तिच्या कवचात स्वतःची पट्टी घालून परत द्यायच्या. बदल्यात काही घेत नसत. चौथ्या खणापासून खालचे सगळे खण तयार करून ठेवलेल्या कॅसेटींनीच भरले होते.

बाईंची मुलगी नऊ वर्षांची होती. पोटाचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर पलंगावर. त्या महिन्यात तिने एकशे वीसच्या एकशे वीस पकडले. पण झुंजीचं तिला आवडायचं नाही. जिंकली तरी रडायची, समोरचा पडला म्हणून. एक दिवस वही मागितली आणि न झुंजणारा प्राणी काढला. त्याचे नियमही तिनेच लिहिले. जाळं टाकायचं नाही. शेजारी नुसतं बसायचं, आला तर येईल. नावाची जागा तिने मोकळी ठेवली होती, ज्याच्याकडे जाईल त्याने ठेवायचं. पत्र बाईंनी स्वतः पोस्टात टाकलं.

“रोज विचारायची, उत्तर आलं का,” बाई म्हणाल्या. “मी म्हणायचे, मोठी कंपनी आहे, वाचत असतील. पंधरा मार्चला गेली. तुमचं उत्तर सात आठवड्यांनी आलं. सोबत स्टिकर होता.”

पुढची स्मरणपत्रं बाईंची. अकराव्या उत्तरानंतर त्यांनी लिहिणं थांबवलं आणि पुस्तकं आणली. खेळ कसा लिहितात ते शिकायला तीन वर्षं गेली. भिंगबाईने विचारलं, एकच करून ठेवायची ना, इतक्या कशाला वाटल्या? बाई म्हणाल्या, एकाच कॅसेटीत तो एकटा बसला असता.

“आणि ताकद एकच का?”

बाईंनी कपाळावरचं भिंग काढून काउंटरवर ठेवलं.

“तिने एकच लिहिली होती. मला वाढवता आली असती, ताई. नव्याण्णव करायला एक आकडा बदलायचा. कितीदा बदलून पाहिला. पण मग तो तिचा राहत नव्हता.” त्या थांबल्या. “कमी मात्र होऊ दिली नाही. तेवढं मला जमलं.”

भिंगबाईने कॅसेट जवळ ओढली. मग तिने आबांचं सगळं सांगितलं. उद्या दुपारी काय होणार, आणि ते टाळायचं तर कागदावर काय लिहावं लागेल. ते लिहिलं की या खणांचं काय होईल, तेही सांगितलं. अण्णा म्हणतात तसं ती बाहेरच्यांच्या वस्तू बघण्यात पटाईत होती. आज तिला कुठे बघावं कळत नव्हतं.

“म्हणजे त्यांनी चित्र नीट पाहिलं होतं,” बाई म्हणाल्या.

“भोकांसकट.”

बाई हसल्या. मग हसू ओसरेपर्यंत दिव्याकडे बघत राहिल्या. “कुणीतरी पाहिलं होतं तर. मला वाटायचं, फोडलंच नसेल पाकीट.” त्यांनी पाण्याचा पेला उचलून आत ठेवला. “माझं नाव लिहा. त्या म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा दिवस कशाला बिघडवायचा? फक्त एक सांगा. तुमच्या खेळात येईल तेव्हा त्याला टाके असतील ना?”

भिंगबाईला खोटं ओळखता येत असे. बोलता येत नसे.

“नाही,” ती म्हणाली. “ठिपके असतील.”

७

अहवाल शुक्रवारी सकाळी साडेनऊला साहेबांच्या टेबलावर गेला. भिंगबाईने सगळं क्रमाने लिहिलं होतं. भोकं, शिक्का, टाके, पुडी, पत्ता. शेवटी एक वाक्य की नक्कल कंपनीकडे आहे आणि अस्सल बाईंकडे आहे. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि कायदा विभागाला बोलावलं.

कायदा विभाग दोन जणांचा होता आणि दोघे मिळून एकच वाक्य बोलत. त्यांचं मत पडलं की पाठवलेलं चित्र नियमाप्रमाणे कंपनीचंच आहे. शिवाय पाठीवरचे दोन ठिपके मूळ चित्रात नसल्याने ती कंपनीची स्वतंत्र कलात्मक भर ठरते, सबब ठिपक्यांची आजच नोंदणी करून घ्यावी. टाक्यांवर कंपनीचा हक्क सांगता येत नाही, तेव्हा टाके असलेली प्रत्येक कॅसेट डुप्लिकेट. बाईंवर खटला भरू नये, कारण मग वर्तमानपत्रात मुलीचं वय येईल. फक्त माल जप्त करावा.

आबांचं नाव सुटलं. बारा वाजता समारंभ झाला. त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि साहेबांनी भाषणात नव्या भागातल्या ठिपकेवाल्या प्राण्याचा खास उल्लेख केला. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, ‘ठिपके माझे नाहीत’ असे तीन शब्द बोलले आणि बसले. लोकांना वाटलं, वय झालं. टाळ्या वाजल्या.

बाईंनी दोनशे तेरा कॅसेटी स्वतः आणून दिल्या, एकेक कापसात गुंडाळून. यापुढे करणार नाही, अशा कागदावर सही केली. पुड्या काढून घेतल्या तर चालेल का, एवढंच विचारलं. गिऱ्हाइकांना लागतात. परवानगी मिळाली. यंत्राजवळ बसून त्यांनी दोनशे तेरा पुड्या काढल्या. आबा आणि मावशी त्यांच्या दोन बाजूंना बसून स्क्रू उघडून देत होते. दोनशे चौदावी, पत्रासोबत आलेली, भिंगबाईने आपल्या हाताने उघडली. त्या आईला कंपनीने कोरी अस्सल कॅसेट पाठवली, एकशे वीस प्राण्यांची.

सतरा मिनिटं बाई उभ्याच होत्या. यंत्र थांबल्यावर त्यांनी भिंगबाईला विचारलं की तुमच्या अण्णांचं मशीन कसं आहे, आणि बस पकडून गेल्या.

विभागात कुणी नव्हतं. भिंगबाईने कोरा कागद घेतला, वर ‘आवक-जावक विभागास’ असं लिहिलं, आणि पुढचा मजकूर सरकारी वळणाच्या, अतिशय स्वच्छ अक्षरात उतरवला.

विषय: चौदाव्या फायलीतील प्रलंबित पत्राबाबत.

महोदय, वरील पत्र आपल्या कार्यालयास नऊ मार्च रोजी प्राप्त झाले असून त्यास अद्याप योग्य ते उत्तर गेलेले नाही. तरी अर्जदारास, आपला प्राणी मिळाला, तो सर्वांनी नीट पाहिला व तो फार आवडला, असे उत्तर देण्यात यावे. अर्जदाराचे वय नऊ असल्याने अक्षर मोठे असावे. सोबत स्टिकर जोडू नये. उत्तर त्याच वर्षीच्या चौदा मार्चच्या संध्याकाळपर्यंत हातात पडेल अशी तजवीज करावी, कारण त्यानंतर अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही, ही नम्र विनंती.